गेटपासवरची मळी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय त्या बाजूला वळायला लागला की मी चहा मागवायचो, नाहीतर मातीच्या प्रकारांवर बोलायला लागायचो. मातीवर मी तासभर बोलू शकतो आणि तासाभरानं समोरचा माणूस मूळ प्रश्न विसरलेला असतो. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, हात थोडा कापतो. लिहायचं तर आत्ताच.

संशय घेणं हा माझा धंदा होता. भोसरीतल्या एका प्लेटिंगच्या कंपनीत मी प्रयोगशाळा सांभाळायचो. दुचाकीच्या हँडलांवर, सायलेन्सरवर निकेल आणि क्रोमचा चकचकीत थर चढवायचा, हे कंपनीचं काम. त्या टाक्यांमधल्या द्रावणाचे नमुने शिफ्टवाले आणून द्यायचे आणि मी प्रत्येक बाटलीकडे चोरीचा माल असल्यासारखा बघायचो. भरली कधी, कुठल्या टाकीतून, वरून की तळातून, बाटली धुतली होती का. ऑपरेटर वैतागायचे. एक जण म्हणाला होता, "साहेब, तुमचं लग्न कसं जमलं हो?"

निवृत्त झाल्यावर चाकणला खतांच्या दुकानावरची एक खोली घेऊन मी माती-पाणी तपासणी सुरू केली. तिथं तर संशयाला मोकळं रानच मिळालं. एकाला जमीन नापीक दाखवायची असायची, म्हणजे शेड टाकताना कुणी आडवं येत नाही. दुसऱ्याची जमीन रस्त्यात जात असायची, त्याला ती बागायती ठरवून हवी असायची, म्हणजे मोबदला वाढतो. कुणी ओढ्याकाठची गाळाची माती आणून माळावरची म्हणून द्यायचा, कुणी नमुन्यात मिठाची मूठ टाकून आणायचा. खालचा दुकानदार परभणीकडचा. तो गिऱ्हाइकांना जिन्याच्या पायरीशीच सांगून ठेवायचा, "वर जा, पण तयारीनं जा. ते साहेब स्वतःच्या सावलीचापण नमुना मागतेत."

अशीच एकदा एक बाई वर आल्या. साठीच्या आसपासच्या. नऊवारी, आणि पायात कंपनीचे सेफ्टी शूज, बहुधा मुलाचे जुने. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून त्यांनी दोन-तीन ओंजळी माती आणली होती.

"कुठून घेतली?" मी विचारलं.

"रानातनं. आनखी कुठनं?"

"रानात कुठून? बांधाजवळून, उकिरड्याशेजारून, झाडाखालून?"

"साहेब, माती तपासायची हाय का माझी उलटतपासणी?"

मी सांगितलं, अशी आणलेली माती मी तपासत नाही. बांधाजवळ, उकिरड्याजवळ किंवा झाडाखाली घेतलेला नमुना सगळ्या शेताबद्दल खोटं बोलतो. त्या म्हणाल्या, मग तुम्हीच येऊन घ्या. आणि न विचारताच बसून सगळं सांगितलं. मालक जाऊन सात वर्षं झालेली. दोन एकर रान उरलेलं. त्याच्या वरच्या अंगाला धाकट्या दिराचं रान. दिराला दोन्ही तुकडे मिळून गोडाउनला द्यायचे होते, यांची तयारी नव्हती.

"दोन सालं झाली," त्या म्हणाल्या. "धाकल्याच्या बांधाकडंची पट्टी हाय ना, तिथं काय बी येईना. कांदा पिवळा पडतो आन् बसतो. बाकीचं रान चांगलं हाय. त्यानंच काय तरी वतलंय. मी इकावं म्हणून."

मला त्यांचाही संशय आला आणि दिराचाही. नुकसानभरपाईसाठी भाऊबंदकी उकरून काढणारे मी पुष्कळ पाहिले होते. दोघंही खोटं बोलत असतील असं धरून मी दुसऱ्या दिवशी गेलो.

रान चाकणच्या पूर्वेला, भामा नदीच्या अलीकडे. वरच्या अंगाला दिराचं मुरमाड, खाली यांची काळी. आमच्याकडे उतारावर असंच असतं. काळा पाषाण ऊनपावसानं कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते, आणि तिच्यातला बारीक भाग पाण्याबरोबर खाली उतरून साठतो. वीतभर माती साठायला माणसांच्या किती पिढ्या जातात ते कुणी मोजलेलं नसतं. म्हणजे त्यांची काळी माती मुळात दिराच्या उतारावरनंच आलेली. मी हे त्यांना सांगितलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "ऐकलं तर परत मागाया येईल."

दीर बांधावर उभाच होता. बारीक अंगाचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. माझ्याकडं आणि माझ्या कुदळीकडं बघून म्हणाला, "पाव्हणं कुठल्या एजंटाचं?"

"माती तपासायला आलोय."

"तपासा की. सोनं लागलं तर वैनीचं, साप निघाला तर माझा. असंच हाय आमच्याकडं."

"बघा," बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या. "बोलतोय कसा."

पण थोड्या वेळानं त्यानंच आपल्या बोअरचं पाणी तांब्यात आणून बांधावर ठेवलं. मी प्यालो. पाणी गोड होतं. ते मी तेव्हा नीट लक्षात घेतलं. पुढं विसरायचं ठरवलं.

बाईंना मी नमुना घ्यायची रीत दाखवली. व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं जाडीची चकती खालपासून वरपर्यंत तासून घ्यायची. अशा आठ-दहा ठिकाणच्या चकत्या स्वच्छ कापडावर एकत्र करायच्या, खताच्या गोणीवर नाही. मग ढीग पसरून त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. अर्धा किलो राहीपर्यंत हेच.

तिसऱ्या खड्ड्यातच ते दिसलं. चार बोटं मातीखाली हिरवट करड्या ढेकळांचा पट्टा. ती पट्टी त्यांनी नांगरलीच नव्हती, नुसती वरवर कुळवली होती. त्यामुळं पट्टा जिथल्या तिथं होता. ढेकूळ बोटांत चुरगळलं तर पिठासारखं झालं, वास काही नाही. मला ते ओळखायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. मी तीस वर्षं ते पाहिलं होतं.

"हे काय टाकलंत?" मी विचारलं.

"मळी."

"कसली मळी?"

"कारखान्याची. माझं माहेर श्रीरामपूरकडं. तिकडं उसाला मळी घालत्यात, सोनं पिकतं. दोन सालामागं रस्त्याला ट्रक उभा होता, डायवर म्हणला, मावशी, मळी हाय, फुकाट हाय, टाकू का? मी म्हणलं टाक. एवढीच पट्टी झाली. धाकल्याला इचारलं तर त्यानं घेतली न्हाई. म्हणला, फुकाट मिळतंय तिथं काय तरी काळंबेरं असणार. जळतो माझ्यावर."

साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, काळपट तपकिरी असते, तिला आंबूस वास येतो. ही हिरवी होती. पण माणसाला ओळखीचा शब्द मिळाला की रंग दिसत नाही. मी म्हणालो, ही ती मळी वाटत नाही. त्यावर त्या जरा रागावल्या. कमरेची पिशवी सोडून सातबारा, लाइटबिलं आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांमधून त्यांनी एक गुलाबी कागद काढला.

"मी बी येडी न्हाई. डायवरकडनं मागून घेतला. कंपनीचा कागूद हाय. हे बघा, ल्हिलंय की, मळी."

गेटपासची गुलाबी प्रत होती, वरची कंपनीच्या नावाची पट्टी फाटून गेलेली. मालाच्या रकान्यात देवनागरीत 'मळी'. खाली इंग्रजी सही.

सही माझी होती.

शेवटच्या वर्षी कंपनीत सांडपाण्याच्या प्लांटमधला निकेल-क्रोमचा हिरवट गाळ साठून शेड भरली होती. असा गाळ ठराविक ठिकाणीच पाठवावा लागतो. ती गाडी वेळेवर येत नव्हती आणि ऑडिट जवळ आलं होतं. मॅनेजरनं एक ट्रकवाला गाठला. मला म्हणाला, "स्लज लिहिलं तर गेटवर चौकशा होतात. काहीतरी साधं नाव सांगा ना, साहेब." माझे वडील नगर जिल्ह्यात साखर कारखान्यात होते. मी सहज म्हणालो, "आमच्याकडे कारखान्यातल्या असल्या घाणीला मळी म्हणतात." सगळे हसले. मॅनेजर म्हणाला, "बेस्ट. मळी लिहा." मी लिहिलं आणि खाली सही केली. किती ट्रक गेले ते मी मोजले नाहीत. कुठल्यातरी बंद खाणीत जात असतील असं मी मनाशी धरलं होतं. बाटली धुतली का म्हणून शिफ्टवाल्याला तीनदा विचारणारा मी. ट्रक कुठं जातो हे ड्रायव्हरला एकदाही विचारलं नाही.

"सहीवाल्याचं नाव वाचा की," बाई म्हणाल्या. "त्याला गाठून इचारू, मळी कुठल्या कारखान्याची ते."

मी कागद उन्हाकडे धरला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नुसत्या रेघोट्या आहेत," मी म्हणालो. "नाव लागत नाही."

मग मी म्हणालो, "हा कागद माझ्याकडे राहू दे. रिपोर्टला जोडावा लागेल."

"ठिवा की. माझ्याकडं असला काय आन् तुमच्याकडं असला काय."

त्या दिवशी मी दोन पिशव्या आणल्या. एक रीतसर मिसळलेल्या नमुन्याची, दुसरी फक्त हिरव्या ढेकळांची. खोलीचं दार लावून आधी दुसरी उघडली. निकेल ओळखायचं एक साधं रसायन असतं. माती आम्लात उकळून गाळायची, त्यात अमोनिया टाकायचा, मग त्या रसायनाचे थेंब. निकेल असेल तर राणी रंगाचा साका धरतो. नळीत असा रंग उतरला की लग्नातल्या शालूची आठवण यावी. मी नळी बराच वेळ हातात धरून उभा होतो. मग बेसिनमध्ये ओतली, दोनदा धुतली.

रिपोर्टमध्ये मी नेहमीच्या तपासण्या लिहिल्या. सामू जास्त, क्षार जास्त. ते खोटं नव्हतं, त्या गाळात चुना आणि सोडा असतोच. धातूंची तपासणी आमच्या छापील फॉर्मात नव्हती. फॉर्ममध्ये नसलेलं लिहिलं नाही म्हणजे खोटं लिहिलं असं होत नाही, अशी मी समजूत काढली. पण खाली 'कारण व शिफारस' असा रकाना होता आणि तो रिकामा सोडला असता तर बाईंनी विचारलं असतं. मी लिहिलं: 'जमीन चोपण होत आहे. वरच्या बाजूच्या शेतातील खाऱ्या पाण्याचा पाझर संभवतो. जिप्सम टाकावे, चर काढावा, ताग पेरून गाडावा, खोल नांगरट करावी.'

मातीशास्त्राच्या दृष्टीनं वाक्य निर्दोष होतं. वरून क्षारांचं पाणी झिरपलं आणि निचरा नसला की काळी जमीन चोपण होतेच, क्षारांनी कडक होऊन बसते. फक्त ते या जमिनीबद्दल नव्हतं. आणि 'संभवतो' हा शब्द मी माझ्यासाठी घातला होता, त्यांच्यासाठी नाही.

खरा सल्ला वेगळा होता. वरची चार बोटं माती आणि तो पट्टा तासून काढायचा, शेतात पसरू द्यायचा नाही, तिथली पालेभाजी खायची नाही, आणि पट्टा नेऊन योग्य जागी टाकायची जबाबदारी कंपनीवर ढकलायची. हे तेव्हा जमण्यासारखं होतं, कारण पट्टा अजून वेगळा होता. मी खोल नांगरट लिहिली. त्यांनी ट्रॅक्टर लावून निष्ठेनं केली. हिरवं सगळं काळ्यात मिसळलं. काळी माती असे धातू घट्ट धरून ठेवते. त्यामुळं ते पटकन विहिरीत उतरत नाहीत, आणि त्याच कारणानं जातही नाहीत.

पुढचं मला दुकानदाराकडनं कळलं. "साहेब, तुमचा रिपोर्ट लई गाजला राव," तो जिन्यात म्हणाला. बाईंनी तो देवळाच्या पारावर सगळ्या भावकीसमोर पोलीसपाटलाकडनं वाचून घेतला होता. 'वरच्या बाजूच्या शेतातील खाऱ्या पाण्याचा पाझर.' पुढचा शब्द कुणाच्याच कानात गेला नाही. दिराला लोक हसत म्हणायला लागले, समुद्र आणला का रे रानात? दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. त्याच्या बायकोनं या घरात हळदीकुंकवाला यायचं सोडलं.

आठवड्याभरानं दीर माझ्याकडं आला. हातात पाण्याची बाटली, स्वच्छ धुतलेली. टॉवेल डोक्यावरनं काढून मांडीवर घेतला आणि बसला.

"साहेब, एक इचारू का? संभवतो म्हंजी काय?"

"म्हणजे... असू शकतं."

"न्हाई बी असू शकतं?"

"नाहीही असू शकतं."

"मग ते का न्हाई ल्हिलं?"

त्यानं बाटली टेबलावर ठेवली. "ह्ये माझ्या बोअरचं हाय. तुम्ही पेलाय. मी पितो, गुरं पित्यात. तपासा, आन् खारं नसलं तर तेवढंच ल्हून द्या. जास्त काय नको. वैनीनं मला ल्हानाचा मोठा केलाय. तिनं मला चोर म्हणावं, ह्ये काय बरं दिसत न्हाई."

"उद्या या," मी म्हणालो.

पाणी मी त्याच दुपारी तपासलं. पिण्याला उत्तम, शेतीला उत्तम. एवढंच लिहून द्यायचं होतं. पण पाणी गोड म्हटलं की पारावरचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग क्षार आले कुठून? त्याचं उत्तर माझ्या कपाटात होतं, गुलाबी रंगाचं. तो दुसऱ्या दिवशी आला तेव्हा मी मशीन बिघडल्याचं सांगितलं. नंतर आला तेव्हा मी दुकानदाराकरवी बाहेरगावी गेलो. चौथ्यांदा तो वर आलाच नाही. खालीच विचारून गेला. दुकानदार म्हणाला, "त्यो म्हणत होता, साहेबाला सांगा, बाटली तरी परत द्या." आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिला. त्या दिवसापासून तो माझ्यावर संशय घेतो असं मला वाटायला लागलं. अजून वाटतं.

तीन-चार वर्षांनी दीर गेला. बांधावर बसल्या बसल्या छातीत कळ आली. बाईंनी त्याआधीच रान विकलं होतं. पट्टीनंतर शेजारचे वाफेही बसायला लागले होते आणि त्यांना वाटत होतं, पाझर पसरतोय. आता तिथं मुरमाचा भराव आहे, वर पत्र्याचं लांबलचक गोडाउन. काळी माती खाली तशीच असणार, जे धरलंय ते धरून.

मी खोली बंद केली, सामान घरी आणलं. त्यात ती बाटली होती. कोरडी, झाकण लावलेली.

गेल्या वर्षी दुकानदाराकडनं पत्ता घेऊन मी चऱ्होलीला गेलो. बाई मुलाकडं राहतात, बारा मजल्यांच्या सोसायटीत. गेटवर वॉचमननं रजिस्टर पुढं केलं. नाव, फ्लॅट, काम. कामाच्या रकान्यात मी बराच वेळ पेन धरून राहिलो, मग 'माती' लिहिलं. वॉचमननं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि फोनवर म्हणाला, "आजी, कुंड्यांवाले आलेत."

त्या खालीच आल्या. ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. बागेतल्या बाकावर बसवून त्यांनी थर्मासमधला चहा दिला आणि शेजारच्या कुंडीत बोट खुपसून म्हणाल्या, "बघा, ही असली माती. इकत आणत्यात. हाताला लागतच न्हाई."

माझ्या खिशात गुलाबी कागद होता. मी तिथं हात घातला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमचं लई उपकार हायेत माझ्यावर."

"कसले उपकार?"

"तुमच्या कागदामुळं कळलं, आपलं कोण न् परकं कोण. न्हाईतर मी त्याच्या गोड बोलण्यावर राहिले असते. मला वैनी वैनी करायचा हो. मी त्याच्या दहाव्याला सुदिक गेले न्हाई." मग त्या म्हणाल्या, "ल्हानपणी त्याला माझ्याच हातची भाकर लागायची. माणूस बदलतो बघा."

मी हात खिशातून बाहेर काढला. कुंडीतली माती चिमटीत घेऊन चोळली. "पाणी जास्त होतंय," मी म्हणालो. "एक दिवसाआड घाला."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये मी जे म्हणायला गेलो होतो ते एकदा नीट जुळवलं. त्यानंतर रोज जुळवतो. ते असं आहे:

ताई, तुमच्या दिरानं तुमच्या रानात काही टाकलं नव्हतं. त्याचं पाणी गोड होतं, मी ते प्यालो होतो, आणि नंतर तपासूनही पाहिलं होतं. तो ते लिहून मागायला तीनदा माझ्या दारात आला आणि मी त्याला परत पाठवला. त्याची माफी मागायला मी उशीर केला, म्हणून तुमची मागतो. तुम्ही दाखवलेल्या कागदावरची सही मला वाचता येत होती. ती माझी आहे.